वाचक उसने मिळत नाहीत

स्त्रियांच्या गटांची बैठक असली आणि त्यात अंक, बातमीपत्र, संपर्कपत्र असा काही विषय निघाला, की एक सूचना हमखास येते. "आपण सगळ्याजणी सुट्या सुट्या धडपडतोय. त्यापेक्षा एकत्र येऊ. तुमचे वर्गणीदार आम्हांला द्या, आमचे तुम्हांला देतो. सगळ्यांचेच वाचक वाढतील." सूचना करणारीचा हेतू चांगला असतो. कागद महागला आहे, छपाई महागली आहे, टपालाने पाठवलेला अंक पोचलाच नाही अशा तक्रारी दर खेपेला येतात. त्यामुळे बैठकीत सगळ्या माना डोलावतात. मी डोलावत नाही. एकत्र येण्याला माझा विरोध नाही. उलट एकत्र आल्याशिवाय आपली लहान लहान बातमीपत्रं जगणार नाहीत, असंच माझं मत आहे. पण या सूचनेत जे सुचवलं जातं ते एकत्र येणं नव्हे, ती उसनवारी आहे. आणि वाचक ही काही शेजारणीकडून वाटीभर साखर आणावी तशी आणण्याची गोष्ट नाही.

आधी साधा हिशेब करू. मी अंकाच्या वितरणाचं काम बरीच वर्षं करते आहे. पाकिटांवर पत्ते चिकटवता चिकटवता नावं पाठ झाली आहेत. आपल्यापैकी कोणत्याही चार गटांच्या याद्या शेजारी शेजारी ठेवल्या तर काय दिसतं? त्याच प्राध्यापिका, त्याच बँकेतल्या मैत्रिणी, त्याच वकील, तीच ग्रंथालयं. एकच बाई चार अंकांची वर्गणी भरते, कारण तिला चारही गट जगायला हवे आहेत. तिचे उपकार आहेतच. पण अशा याद्या एकत्र केल्याने बेरीज होत नाही. या रांजणातलं पाणी त्या रांजणात ओतल्यासारखं होतं, आणि ओतताना थोडं सांडतंही.

दुसरा मुद्दा याहून गंभीर आहे. ती यादी आपली आहेच कुठे? आपल्या वर्गणीदारांमध्ये शाळेच्या पत्त्यावर अंक मागवणारी शिक्षिका असते. अंक शेजारच्या दुकानात ठेवून घ्यायला सांगणारी असते. "पाकिटावर संघटनेचं नाव छापू नका" असं लिहून कळवणारी असते. का कळवते, हे आपल्याला सांगावं लागत नाही. आता टपालाच्या पत्त्याबरोबर मोबाईलचा नंबर आला. घरात फोन बहुधा एकट्या बाईचा नसतो. तिचा मुलगा तो हाताळतो, नवरा तपासतो. कोणत्या वेळी कोणत्या गटाचा निरोप त्या पडद्यावर झळकावा, हे ठरवण्याचा अधिकार फक्त तिचा आहे. तिने नंबर एका गटाला दिला तो विश्वासाने. तो आपण दुसऱ्या गटाला दिला, त्यांनी तिसऱ्याला दिला, आणि एके दिवशी रात्री दहाला 'घरगुती हिंसाचाराविरुद्ध आमच्याशी बोला' असा निरोप तिच्या सासरच्या माणसांनी वाचला, तर त्याची जबाबदारी कोण घेणार? २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. पण हे समजायला आपल्याला कायद्याची वाट पाहावी लागू नये. समुपदेशन केंद्रात आलेल्या बाईचं नाव आपण बाहेर बोलत नाही. मग वर्गणीदार बाईचं नाव देवघेवीत कसं घालतो?

यावर मैत्रिणी म्हणतात, "बरं, याद्या नकोत. मग एखादं मोठं नाव घेऊ." हल्ली या सूचनेचं रूप बदललं आहे. पूर्वी 'मोठं नाव' म्हणजे नाटक-सिनेमातली बाई किंवा दिवाळी अंकातली लेखिका. आता ते मोबाईलवर बोलणारं एखादं माणूस असतं, ज्याला लाखाच्या घरात लोक पाहतात. "तिने एकदा आपलं नाव घेतलं तरी पुरे." तिने नाव घेतलं, समजा. एका संध्याकाळी बरेच लोक चौकशी करतील, काहीजण वर्गणीही भरतील. त्यांना हवी असेल ती बाई, तिचं बोलणं, तिचा चेहरा. आपल्या अंकात मात्र येईल पोटगीच्या अर्जाची माहिती आणि अंगणवाडी सेविकांच्या मोर्चाचं वृत्त. दुसऱ्या वर्षी त्यातल्या किती जणी वर्गणी भरतील? गावच्या जत्रेत गर्दी होते म्हणून गावाची वस्ती वाढत नाही.

मग एखादं लिखाण खरोखर पसरतं ते कसं? याचं उत्तर आपल्या चळवळीच्या इतिहासातच आहे. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरा या आदिवासी मुलीवर पोलिसांनी बलात्कार केला. सप्टेंबर १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पोलिसांना निर्दोष सोडलं. वर्षभराने, सप्टेंबर १९७९ मध्ये, उपेंद्र बक्षी, वसुधा धगमवार, रघुनाथ केळकर आणि लतिका सरकार या कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना अनावृत पत्र लिहिलं. पत्र कायद्याच्या भाषेतलं होतं. ते रस्त्यावर कसं आलं? ज्या ज्या गटाच्या हाती ते पडलं त्या गटाने त्याच्यावर स्वतःचं काम केलं. कुणी बैठकीत वाचून त्याचा अर्थ लावला, कुणी पत्रक काढलं, कुणी सह्या गोळा केल्या. १९८० च्या सुरुवातीला मुंबईत बलात्कारविरोधी मंच उभा राहिला. त्या वर्षीच्या ८ मार्चला अनेक शहरांतून स्त्रिया रस्त्यावर आल्या, आणि १९८३ मध्ये बलात्काराचा कायदा बदलला. त्या चार जणांनी कुणाकडे वाचक मागितले नव्हते. मजकूर असा होता की तो हाती घेणारीला काहीतरी करावंसं वाटलं, आणि तो कुणी वापरायचा यावर कुणाची मालकी नव्हती. सहयोग म्हणतात तो याला. दुसरीचं नाव आपल्या अंकात छापलं म्हणजे सहयोग होत नाही. आपण सुरू केलेलं काम तिने तिच्या पद्धतीने पुढे नेलं, तर होतो.

आता आपल्याच घरातलं एक दुखणं. आपण 'सहयोग' हा शब्द फार स्वस्तात वापरतो. वस्तीतली कार्यकर्ती दोन तास बसून अनुभव सांगते. आपली एखादी ताई तो 'शब्दांकित' करते. अंकात ताईचं नाव ठळक, त्या बाईचं कंसात, कधी तेही नाही, नुसतंच 'एक कचरावेचक महिला'. मानधन कुणालाच नाही, कारण 'आपण चळवळीतल्या'. पण ताईला महिन्याचा पगार आहे, आणि त्या बाईचा दोन तासांचा रोज बुडाला आहे. अंकाचं नाव होतं, ताईचं नाव होतं, आणि बाई होती तिथेच राहते. १९९५ मध्ये गोपाळ गुरु यांनी दलित स्त्रियांच्या वेगळ्या बोलण्याचा मुद्दा मांडला आणि १९९८ मध्ये शर्मिला रेगे यांनी तो पुढे नेला, तेव्हा आपल्या गटांतून त्यावर पुष्कळ चर्चा झाल्या. सगळ्या स्त्रियांच्या वतीने बोलणारा आवाज प्रत्यक्षात कोणत्या स्त्रियांचा असतो, हा तो प्रश्न होता. चर्चा झाल्या, पण अंकाच्या श्रेयनामावलीपर्यंत तो प्रश्न पोचला का? १८५५ साली फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मातंग मुलीचा निबंध 'ज्ञानोदय'ने छापला, तो तिच्याच शब्दांत, तिचीच चीड घेऊन. मिशनऱ्यांच्या पत्राला तेव्हा जे जमलं ते आपल्याला आज जमू नये?

'खबर लहरिया'कडे पाहा. उत्तर प्रदेशात चित्रकूट भागात २००२ मध्ये हे पत्र निघालं, बुंदेली बोलीत. ग्रामीण, प्रामुख्याने दलित स्त्रियांनी बातम्या गोळा केल्या, लिहिल्या, आणि गावोगाव जाऊन अंक विकलेही. शहरातल्या संस्थेचं साहाय्य होतं, प्रशिक्षण होतं. पण बातमीदार त्या होत्या, भाषा त्यांची होती, आणि बातमी हातपंपाची आणि रेशनची होती. पुढे त्यांनी छापील अंकाकडून मोबाईलवरच्या चित्रफितींकडे मोर्चा वळवला, तेव्हाही बोलणाऱ्या त्याच राहिल्या. साहाय्य करणारीने आपलं नाव मागे ठेवणं म्हणजे काय, हे तिथे शिकावं.

मोबाईलचा विषय निघालाच आहे तर माझ्या पिढीच्या मैत्रिणींशीही थोडं भांडून घेते. "रील करणाऱ्या मुलींबरोबर कसला सहयोग? मिनिटभरात काय विचार मांडणार?" असं त्या नाक मुरडून म्हणतात. सत्यशोधक जलसे काय पुस्तकातून चालत होते? आंबेडकरी जलशांनी ज्यांच्यापर्यंत विचार नेला त्यांतल्या कितीजणांना वाचता येत होतं? स्त्रीमुक्ती संघटनेच्या 'मुलगी झाली हो' या नाटकाने १९८३ पासून चौकाचौकांत, मैदानांत, गावोगाव जे केलं, ते छापील अंकाला कधी जमलं असतं का? तालुक्याच्या गावात खोलीचं दार लावून, फोन पुस्तकाला टेकवून पाळीविषयी किंवा हुंड्याविषयी बोलणारी मुलगी ही त्याच वाटेवरची आहे. तिला शिव्या देणारे निरोप येतात, घरचे बंद कर म्हणतात, तरी ती बोलते. आपण तिच्याकडे जातो ते मात्र 'आमच्या अंकाची जाहिरात कर' म्हणून. तिला आपण दवंडी पिटायला बोलावतो, बैठकीला नाही. तिने आपल्याला दारातूनच परत पाठवलं तर तिचं काय चुकलं?

नुसते दोष दाखवून थांबणार नाही. आमच्या गटाने एक वेगळा प्रयोग केला, तो सांगते. घरकामगार स्त्रियांची एक संघटना आणि मोबाईलवर ऐकण्याचे कार्यक्रम करणारी एक तरुण मुलगी यांच्याबरोबर आम्ही एक अंक काढला. विषय ठरवायला बसलो तेव्हा आमच्याकडून प्रस्ताव होता, 'कष्टकरी स्त्रीचं आयुष्य'. संघटनेतल्या एक मावशी म्हणाल्या, "आमचं आयुष्य आम्हांला माहीत आहे. तुम्ही असं लिहा की खाडा धरला की पगार कापतात, आणि आजारी पडलं की दुसरी बाई ठेवतात. आणि कपबशी वेगळी ठेवतात, तेही लिहा." विषय तिथेच ठरला.

महाराष्ट्रात २००८ मध्ये घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. पण त्याचं काय करायचं हे कामाला जाणाऱ्या बाईला कुणी सांगितलेलं नसतं, आणि ती ज्या घरी जाते त्या घरालाही नसतं. प्रश्नावली तिघींनी मिळून केली. त्यातून तीन गोष्टी तयार झाल्या. मोठ्या अक्षरांतलं चार पानी पत्रक, वस्तीत वाचायला. त्या मुलीने नळावर आणि बसथांब्यावर बायकांशी बोलून केलेला दहा मिनिटांचा ऐकण्याचा भाग. आणि आमच्या अंकातला सविस्तर लेख, ज्यावर दोन नावं होती, मावशींचं पहिलं. तिन्हींमध्ये बाकीच्या दोघींचे पत्ते दिले होते. ज्या वाचकाला हवं त्याने स्वतः कळवावं, एवढीच सोय. नाव कुणी कुणाला दिलं नाही.

आणि मग काय झालं? आधी वाचक घटले. हे मुद्दाम सांगते आहे, कारण 'सहयोगाने वाचक वाढतात' असं सांगणाऱ्या मैत्रिणी ही पायरी गाळतात. आमच्या वर्गणीदारांपैकी बहुतेकींच्या घरी कामाला बाई येते. लेख वाचून काहीजणींची पत्रं आली. एकीने लिहिलं, "इतकी वर्षं वर्गणी भरते, आता माझ्याच अंकात मला बोलणी खावी लागणार का?" काहींनी पुढची वर्गणी भरली नाही. आमच्या बैठकीतही सूर निघाला की हे परवडणारं नाही. मी तेव्हाही म्हटलं होतं आणि आजही म्हणते: ज्या बाईला अंकात स्वतःची बाजू सोडून दुसरं काही वाचायचंच नाही, तिच्या वर्गणीवर अंक टिकला तरी तो कशासाठी टिकला? मात्र एक खरं, की सगळ्याजणी गेल्या नाहीत. काहींनी पत्रातून वाद घातला आणि त्या राहिल्या. एकीने कपबशीबद्दल लिहिलं. ते पत्र आम्ही छापलं, आणि त्याला संघटनेतल्या बाईचं उत्तरही छापलं.

दुसऱ्या बाजूने जे आलं ते हळूहळू आलं. वस्तीतल्या मंडळांनी मंडळाच्या नावाने वर्गणी भरली, पाच-दहा रुपये गोळा करून. एक अंक तिथे वाचून दाखवला जातो आणि दहा-बाराजणी ऐकतात. आमच्या नोंदवहीत ती एक वर्गणी. त्या मुलीचे श्रोते थेट वर्गणीदार झाले नाहीत. पण त्यांच्याकडून प्रश्न येऊ लागले आणि त्या प्रश्नांमधून पुढच्या अंकांचे विषय निघाले. संघटनेच्या सभेत आमच्या अंकाचं टेबल आता मागून घ्यावं लागत नाही. त्याच ते मांडून ठेवतात. एका संध्याकाळच्या लाटेपेक्षा हे कमी दिसतं. पण ही माणसं दुसऱ्या वर्षीही असतात.

याच अनुभवावरून काही गोष्टी आग्रहाने मांडते. पटत नसतील तर वाद घाला, पण बैठकीत नुसत्या माना डोलावू नका.

१. यादी कुणालाही द्यायची नाही, मागायचीही नाही. दुसऱ्या गटाचं निवेदन आपल्या अंकात छापावं. वाचकबाई स्वतः कळवील तेव्हाच तिचं नाव त्या गटाकडे जावं.

२. विषय दोन्ही बाजूंनी बसून ठरवावा. मतभेद झाला तर जिच्याकडे पैसा, छपाई आणि नाव कमी आहे तिचा शब्द शेवटचा मानावा. नाहीतर दरवेळी आपलाच विषय 'सर्वांचा' ठरतो.

३. जिचा अनुभव तिचं नाव पहिलं, तिला हवं असेल तर. नको असेल तर ते लपवण्याची जबाबदारी आपली. आणि मानधन द्यायचं. सगळ्यांना देता येत नसेल तर आधी तिला, जिचा रोज बुडतो. दोन पानं कमी छापू, पण एवढं करू.

४. मजकूर परत गेला पाहिजे. जिच्याकडून घेतला तिला तो तिच्या भाषेत, तिच्या पत्रकात, तिच्या कार्यक्रमात वापरता आला पाहिजे, आपली परवानगी न मागता. आपल्याआधी वापरायचा असेल तर आधी.

५. कंपन्यांचा 'सहयोग' हा या शब्दात बसत नाही. पाळीच्या दिवसांसाठीचा माल विकणारी एक कंपनी आमच्याकडे 'जागृती अंक एकत्र काढू' म्हणून आली होती. अंकात मालाच्या किमतीवर आणि वापरून टाकलेल्या पॅडच्या कचऱ्यावर लेख येणार, आणि ते पॅड हाताने वेगळे करणाऱ्या कचरावेचक बायकांवरही येणार, असं सांगितल्यावर ती परत आली नाही. ही कसोटी कोणालाही लावता येते.

६. मोजणी वर्षाने करावी. अंक निघाल्याच्या आठवड्यात किती नावं आली यापेक्षा, वर्षाने कितीजणींनी पुन्हा वर्गणी भरली, किती पत्रांतून प्रश्न आले, एक अंक किती हातांतून गेला, हे लिहून ठेवावं. नोंदवहीत त्यासाठी रकाना करावा.

यावर कुणी म्हणेल, एवढ्याने किती वाचक वाढणार? वेग कमी आहे, मान्य. घाई आहे, तेही मान्य. आपल्यापैकी काही गटांची बातमीपत्रं बंद पडली, काही त्याच वाटेवर आहेत, आणि प्रत्येक बंद पडलेल्या अंकाबरोबर बायकांना एकमेकींची खबर कळण्याचा एक रस्ता बुजतो. म्हणूनच मला नुसता वाढलेला आकडा नको आहे. ओळखीच्या हजार जणींमध्ये फिरणारा अंक हजारच्या दोन हजार ओळखीच्यांमध्ये फिरू लागला, तरी तो स्वतःशीच बोलत राहील.

तेव्हा मैत्रिणींनो, पुढचा अंक निघण्याआधी प्रत्येक गटाने एक काम करावं. आपल्या गावात, जिल्ह्यात असं एक पत्रक, एखादी भिंतपत्रिका किंवा मोबाईलवर बोलणारी एखादी मुलगी शोधावी, जिचे वाचक-श्रोते आपल्या यादीत एकही नाहीत. ऊसतोडणी कामगार बायका असतील, बुरखा घेणाऱ्या मुली असतील, तृतीयपंथी असतील, आपल्या घरी कामाला येणारी असेल. जिथे गेल्यावर आपल्याला प्रश्न विचारले जातील, कदाचित बोलणीही खावी लागतील, तिथे जावं. जाताना वर्गणीची पावतीपुस्तकं घरी ठेवावीत. पहिल्या बैठकीत त्यांनी सांगावं आणि आपण लिहून घ्यावं. काय लिहून घेतलं ते आम्हांला कळवा, त्या बायकांच्या नावाने आणि त्यांना विचारून. पुढच्या अंकाची पहिली आठ पानं त्यासाठी राखून ठेवली आहेत.